सतरा नंबरची काठी

आमच्या कॅफेच्या भिंतीवर चाळीस खुंट्या आहेत आणि चाळीस काठ्या. प्रत्येक काठीच्या मुठीजवळ तापल्या सळईने नंबर डागलेला. डोंगरावर जाणाऱ्याने काठी घ्यायची आणि उतरल्यावर आपल्या खुंटीला परत लावायची. भाडं नाही, अनामत नाही. नियम एकच: संध्याकाळी एक जरी खुंटी रिकामी दिसली तरी शटर ओढायचं नाही. आमचे हे शिट्टी आणि टॉर्च घेऊन वर निघतात. बावीस वर्षांत नऊ जणांना त्यांनी खाली आणलं. त्यातले सात वाट चुकले होते. उरलेले दोघे नवरा-बायको होते. वाट दोघांनाही माहीत होती, पण आधी कोण उठणार यावर अडून बसले होते.

काठ्या माझ्या धाकट्या दिराकडे, कप माझ्याकडे. सासूबाई गेल्या तेव्हा भाऊजी नऊ वर्षांचे होते. ह्यांनीच त्यांना खांद्यावर घेऊन डोंगर दाखवला. एक नंबरची काठी त्यांचीच, लहानपणी त्यांच्या मापाने कापलेली. ती आखूड काठी आम्ही गिऱ्हाइकाला कधी दिली नाही. भाऊजी आता तिशीचे झाले, ती त्यांच्या कमरेलाही पोचत नाही, तरी तिच्या खुंटीला दुसरी काठी लावायची नाही.

मी मोजते, ही माझी खोड. माझ्या लग्नात मी खुर्च्या मोजल्या होत्या. डोंगर उतरलेला माणूस आमच्याकडे चहा नाहीतर सूप घेतल्याशिवाय हलत नाही. पायच हलू देत नाहीत. त्यामुळे जितक्या काठ्या परत, साधारण तितके कप मोरीत. आणि एका आठवड्यात हे गणित बिघडलं. काठ्या एकतीस, कप चौदा. दुसऱ्या दिवशी काठ्या सव्वीस, कप अकरा.

"भाऊजी," मी म्हटलं, "लोकांची तहान गेली कुठे?"

"घाईत असतात हो वहिनी. काठी टेकवतात आणि बस पकडतात."

"सगळेच?"

"तुम्ही कप धुता की चौकशी लावता?"

हे काउंटरमागे हसले. "तिचं ऐकू नकोस. ती ढगसुद्धा मोजते."

मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे मोजत राहिले. आमच्या बाजूने उतरायचं तर शेवटी ओढा ओलांडावा लागतो, काठीचं टोक काळ्या चिखलाने माखतं. निम्म्या काठ्यांची टोकं कोरडी असायची, पांढरट धूळ लागलेली. भाऊजी दुपारी मोटारसायकल घेऊन "गॅस बघून येतो" म्हणून जायचे आणि संध्याकाळी मागच्या दाराने यायचे. मला वास आला होता. पण भावाबद्दल ह्यांना काही सांगायचं तर पुरावा पक्का हवा. हे आधी डोंगरावर संशय घेतील, मग माझ्यावर, भावावर सगळ्यात शेवटी. म्हणून मी तीन आठवडे बेरीज पक्की करत बसले. ती माझी चूक, ती मी माझ्याच नावावर लिहिते.

एका संध्याकाळी चाळीसच्या चाळीस खुंट्या भरल्या. ह्यांनी फळीवरून बोट फिरवलं, शटर ओढलं आणि निवांत झोपले.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक तरुण मुलगी. बसली नाही.

"माझे बाबा काल इथून वर गेले. घरी आले नाहीत. फोन लागत नाही."

"काठी घेतली होती का त्यांनी?" ह्यांनी विचारलं.

तिने फोनमधला फोटो दाखवला. चष्मा, पांढरी टोपी, हातात काठी, मुठीवर सतरा.

हे वळले. सतरा नंबरची काठी खुंटीवर होती. "मग काळजी नको, बाळ. उतरलेत ते. दुसरीकडे कुठे गेले असतील."

"बाबा दुसरीकडे कुठे जात नाहीत. ते पोस्टमास्तर होते, सांगितलेल्या पत्त्यावरच जातात."

"काठी इथे आहे ना? काठी आली म्हणजे माणूस आला." हे समजावत होते, अगदी मायेने. आणि वर तिला चहा घ्यायला सांगत होते.

मी सतरा नंबर उतरवली. टोक कोरडं, पांढरट धूळ. ती ह्यांच्या हातात दिली आणि मागच्या दाराकडे बघून म्हटलं, "भाऊजी, ही कोणी लावली?"

भाऊजी पाव कापत होते. सुरी थांबली.

"मी."

"तो माणूस तुला भेटला होता?" ह्यांनी विचारलं.

"वर फाट्यावर बाकाला टेकवलेली होती. मला वाटलं विसरून गेला असेल."

"फाट्यावर तू काय करत होतास?"

मग एकेक बाहेर पडलं. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, डांबरी रस्त्याला लागून, भाऊजींनी एका दोस्ताबरोबर पत्र्याचं नवं कॅफे टाकलं होतं. दुपारी फाट्यावर उभं राहून ते लोकांना तिकडे वळवायचे: उतार सोपा, सूप तेच. सूप माझंच होतं, कृतीसकट. काठ्या तिकडे गोळा व्हायच्या आणि मोटारसायकलवरून इथे यायच्या.

"का आणायचास परत?"

"नाही आणल्या तर तू रोज वर चढला असतास, दादा. तुझ्या गुडघ्याचा विचार केला मी."

ह्यांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि निघाले. भाऊजी मागे धावले, "मी येतो, मला जागा माहिती आहे." ह्यांनी नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

पोस्टमास्तर फाट्याखाली वीसेक फुटांवर सापडले. काठी बाकाला टेकवून फुलांचा फोटो काढायला दोन पावलं उतरले आणि घसरले. पाय मोडला होता, ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. दोघा भावांनी त्यांना घोंगडीत घालून खाली आणलं. गाडी येईपर्यंत मी चमच्याने सूप पाजत होते.

"रात्रभर घाबरला असाल," मी म्हटलं.

"नाही हो," ते म्हणाले. "पायाची कळ होती, पण भीती नव्हती. काल सकाळी तुमचा नियम ऐकला होता ना. म्हटलं, खुंटी रिकामी दिसली की निघतीलच." मग जरा थांबून, तक्रार नाही, नुसती चौकशी करावी तसं विचारलं, "उशीर झाला का दिसायला?"

ह्यांनी मान खाली घातली. भाऊजी दाराबाहेर मोटारसायकलचा आरसा पुसत होते, पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

गाडी गेल्यावर मला वाटलं, आता आवाज चढेल. मी कपही बाजूला सरकवून ठेवले होते. ह्यांनी एक नंबरची आखूड काठी उतरवली, बाहीने पुसली आणि बाहेर जाऊन भाऊजींच्या हातात दिली.

"दादा, कॅफे बंद करतो मी तिकडचं."

"चालव की. सूप चांगलं आहे." मग म्हणाले, "ही तुझी. परत आणू नकोस."

भाऊजींनी ती मोटारसायकलला आडवी बांधली. दोरी तीनदा सुटली. हे बघत उभे राहिले, मदत केली नाही.

आता हे काठीवर विश्वास ठेवत नाहीत. उतरणाऱ्याचा चेहरा बघतात, मग वहीत खूण करतात. पण सुरुवातीला संध्याकाळी शटरला हात लावला की थांबायचे. एक खुंटी रिकामी असायची. बावीस वर्षांची सवय, पाय आपोआप शिट्टीकडे वळायचे. रोज मी म्हणायचे, "अहो, ती एक नंबरची." रोज ते म्हणायचे, "हो, हो."

आठवडाभर हे चाललं. शेवटी मीच पकड आणून ती खुंटी उपटली. भिंतीत भोक राहिलं. संध्याकाळी हे शटरपाशी आले, एकोणचाळीस काठ्यांवरून बोट फिरवलं आणि भोकापाशी थांबले.

शटर मी ओढलं.