बार्शीला लागलेला सिनेमा

शेषेरावांनी कपातला चहा बशीत ओतला, हलकी फुंकर घालून एक घोट घेतला आणि विचारलं,

"मग, कसा होता बार्शीचा सिनेमा?"

श्रीपाद सुपारी कातरत होता. अडकित्ता क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

"बरा होता."

"नुसता बरा? एवढ्या थंडीचं हद्दीपल्याड गेलास, अन् नुसता बरा?"

स्वयंपाकघराच्या दाराआड इंदू उभी होती. शेषेराव लातूरच्या पोलीस ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार होते, पण या घराला ते तसे माहीत नव्हते. ते आणि श्रीपाद दोघे लोह्याचे, एका आळीतले, एकाच पाटीवर अक्षरं गिरवलेले. श्रीपादला इथल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा ही भाड्याची जागासुद्धा त्यांनीच शोधून दिली होती. दर जुम्म्याला, शाळा-कचेऱ्यांना सुट्टी असली की, ते चहाला येत. इंग्रज गेले, हद्दीपलीकडे झेंडे लागले, अलीकडे निजामाचा अंमल तसाच राहिला. तेव्हापासून हे येणं कमी झालं होतं. आज ते पुष्कळ दिवसांनी आले होते आणि सुट्टी असूनही पोलिसी पोशाखात आले होते.

"गोष्ट तरी सांग," शेषेराव म्हणाले. "आम्हाला कुठं जायला मिळतंय आता तिकडं."

"एका नावाड्याची मुलगी असते," श्रीपाद म्हणाला. "नदीवर जमीनदाराचा मुलगा येतो. तिचं त्याच्यावर मन बसतं. मग ते काय, घरच्यांचा विरोध. असंच."

इंदूच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तो सिनेमा तिनं पाहिला होता. त्यात नावाड्याची मुलगी होती, जमीनदाराचा मुलगा कुठंच नव्हता. थेटराच्या दारावर मोठं चित्र लावलं होतं, होडीत बसलेली बाई आणि काठावर उभा असलेला पुरुष. रस्त्यानं नुसतं जाणाऱ्याला ती गोष्ट अशीच वाटली असती.

मागच्या जुम्म्याला श्रीपाद बार्शीहून आला, तेव्हा गाडी येऊन गेल्यावर पुष्कळ वेळानं तो घरी पोचला होता. जाताना नेलेली पत्र्याची पेटी सोबत नव्हती. सिनेमा कसा होता, असं तिनंही विचारलं होतं. बरा होता, असंच तो तिलाही म्हणाला होता. तेव्हापासून बार्शीतल्या एखाद्या बिऱ्हाडाचा, एखाद्या बाईचा विचार तिच्या डोक्यात येऊन जात होता. तिनं तो कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता.

"माळेगावच्या जत्रेतला तंबू आठवतो तुला?" शेषेरावांनी बशी खाली ठेवली. "मुका सिनेमा. पडद्याशेजारी काठी घेऊन तो माणूस उभा राहायचा, कोण कुणाला काय म्हणतंय ते ओरडून सांगायचा."

"आठवतो की," श्रीपाद म्हणाला. त्याचा चेहरा जरा सैल झाला. "घोडेस्वाराचा सिनेमा. तसा पुन्हा पाहायला नाही मिळाला."

"घोडा दरीवरून उडी घेतो अन् नेमकी तिथंच फिल्लम जळाली. मी किती रडलो होतो. मग गाडीतून येता येता तू मला पुढची सगळी गोष्ट सांगितलीस. घोडा पलीकडं कसा पोचला, राजकन्येनं त्याला पाणी कसं पाजलं. मोठा होईपर्यंत मला वाटायचं, तू दुसऱ्या दिवशी चोरून जाऊन पाहून आलास." ते हसले. "न पाहिलेला सिनेमा सांगण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, श्रीपाद."

हसणं संपलं तरी ते श्रीपादकडे बघतच राहिले. श्रीपादनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि चावलं नाही.

"त्या दिवशीच्या गाडीनं कुणीतरी काडतुसं आणली आहेत," शेषेराव हळू आवाजात म्हणाले. "वरून इत्तला आली आहे. गाडीत व्यापारी होते, त्यांची तहकीकात झाली. सिनेमा पाहायला गेलो होतो म्हणणारे दोघंच. तू अन् समोरचा उद्धव."

म्हणजे बाई नव्हती. इंदूला आधी तेवढंच कळलं, आणि त्या सुटकेची तिला त्याच क्षणी लाज वाटली. ती पदर सारखा करून बाहेर आली आणि रिकामा कप उचलला.

"अहो, तुम्ही दोन सिनेम्यांची सरमिसळ करून राहिलात," ती श्रीपादला म्हणाली. "जमीनदाराचा मुलगा तुमच्या मागच्या सिनेम्यातला. या वेळचा कसा, त्या रात्री तुम्हीच तर मला सांगितलात. भाऊजी, यांना शाळेतल्या कविता तेवढ्या ध्यानात राहतात."

मग तिनं गोष्ट सांगितली. नावाडी मरतो. मुलगी धाकट्या भावाला शिकवायचं म्हणून शहरात जाते, मैफलीत गाते. भावाला वाटतं, बहीण कुठं शिवणकाम करते. पुढं तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि कोर्टात तिच्याविरुद्ध वकील म्हणून उभा राहतो तो भाऊच. मधे इतकी वर्षं गेलेली, तो ओळखत नाही. ती ओळखते आणि बोलत नाही. शिक्षा घेते. भावाला कळतं तेव्हा ती ज्या होडीत बसलेली असते ती काठापासून लांब गेलेली असते.

शेषेराव मन लावून ऐकत होते. मधे त्यांनी विचारलं, कोर्टात ती काय नेसलेली असते. पांढरं लुगडं, असं इंदू म्हणाली, आणि पाठोपाठ, असं हे सांगत होते.

"तिनं सांगायला पाहिजे होतं," शेषेराव शेवटी म्हणाले. "नाही पटलं मला."

"सांगितलं असतं तर त्याला पुन्हा कोर्टात उभं राहता आलं नसतं, भाऊजी."

"तरी. जे आहे ते आहे." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "चला. आता उद्धवला विचारतो."

ते गेल्यावर श्रीपादनं अडकित्ता खाली ठेवला.

"तुला कसा ठाऊक?"

"दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ताईसोबत पाहिला. घरात कुणाला सांगितलं नव्हतं." इंदूनं त्याच्यासमोर बसत विचारलं, "ती पेटी कुठंय?"

"घरात नाही. पुढं गेली."

आणखी काही विचारायचं नसतं हे तिला कळलं.

उद्धव जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे बांधायचा. समोरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची आई विठाबाई राहत. पगार झाला की तो गाडीनं बार्शीला जाई, एकच सिनेमा दोनदा पाही आणि परत येई. आळीतली माणसं त्याला मुद्दाम विचारत, "काय उद्धवा, कसा व्हता?" तो अंगठ्यानं मान खाजवी, हसे, म्हणे, "लई चांगला." त्यापुढं त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. बोलायला लागला की जीभ अडे, म्हणून त्यानं बोलणंच सोडून दिल्यासारखं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जिनिंगमधूनच ठाण्यावर नेलं. मधल्या सुट्टीच्या आधीच श्रीपाद शाळेतून घरी आला. त्यानं कोटसुद्धा काढला नाही.

"मी ठाण्यावर जातो," तो म्हणाला. "तो खरंच सिनेमा पाहायला गेला होता. त्याला काय सांगता येणार आहे?"

"तुम्ही गेलात तर शेषेराव तुम्हाला एवढंच विचारतील का? पेटी कुणी दिली, पुढं कुणी नेली, सगळं विचारतील."

"मी नाही सांगणार."

"ते आत्ता म्हणताय."

श्रीपादनं खुंटीला हात टेकला.

"दुपारची गाडी धरा," ती म्हणाली. "येडशीच्या पुढं हद्द संपते. तिकडं तुमची माणसं आहेत ना?"

"आणि उद्धव?"

"तुम्ही पार झालात की मी ठाण्यावर जाते."

"तोवर त्याचं काय होईल?"

तिनं भाकरी आणि चटणी फडक्यात बांधली. मागच्या बोळानं तो स्टेशनकडे गेला. जाताना काहीतरी म्हणायला वळला, पण तिनं दार लावून घेतलं होतं.

गाडीची शिटी ऐकू आली त्यानंतर थोड्याच वेळात विठाबाई आली. चालून चालून तिला धाप लागली होती.

"इंदू, माझ्या पोराला मारून राहिलेत गं. शिपाई म्हणला, सायेब त्याला शिनिमाची गोष्ट इचारतेत आन् हा सांगत न्हाई. तू समदी सांगितलीस म्हणं त्यांना. मला सांग. मी जाऊन सांगते त्याच्या वतीनं."

इंदूनं तिला पाणी दिलं.

"चल माझ्यासंग," विठाबाई म्हणाली. "आत्ताच जाऊ."

"आत्ता साहेब नसतात ठाण्यावर," इंदू म्हणाली. "जेवायला घरी जातात, निजतात. जाऊन उपयोग नाही. बसा. मी गोष्ट सांगते, तुम्ही पाठ करा. मग जाऊ."

विठाबाई भिंतीला टेकून बसली. इंदू सांगू लागली. काल सांगितली त्यापेक्षा तिनं ती कितीतरी सावकाश सांगितली. नदी कशी होती, होडीला कुठला रंग होता, बाप मरतो त्या दिवशी आभाळ कसं भरून येतं. विठाबाईनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. ती मधेच थांबवून विचारी, भाऊ बहिणीला ओळखत कसा न्हाई, आवाजावरून तरी ओळखायला पाहिजे का न्हाई. लईच निर्दयी वकील दिसतो, असं म्हणून ती डोळे पुसे. पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणे. इंदू पुन्हा सांगे. सांगता सांगता तिचं लक्ष अंगणातल्या उन्हाकडे असे. हरंगुळ गेलं असेल. ढोकी गेलं असेल. आता गाडी घाटाच्या अलीकडं असेल. आणि प्रत्येक स्टेशनागणिक ठाण्यातल्या त्या खोलीत काय चाललं असेल, तेही तिला दिसत राही.

"आता आली मला," विठाबाई दोनदा म्हणाली.

"आणखी एकदा म्हणा," इंदू म्हणाली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती उठली.

ठाण्याच्या व्हरांड्यात शेषेराव टेबलाशी बसले होते. त्यांच्यापुढं पानाचा डबा उघडा होता आणि डोळे तांबारलेले होते. विठाबाईनं हात जोडले आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. नावाडी, मुलगी, होडी. मुलीनं कोर्टात पांढरं लुगडं नेसल्याचं ती सांगू लागली तशी शेषेरावांनी मान वर करून इंदूकडे पाहिलं.

"आजी, राहू द्या. ही वहिनींची गोष्ट आहे."

"भाऊजी," इंदू म्हणाली, "तो सिनेमा मी पाहिलाय. दिवाळीत, माझ्या बहिणीसोबत. यांनी नाही पाहिला. उद्धवनं पाहिलाय, त्याला सांगता येत नाही एवढंच. त्याला सोडा."

"श्रीपाद कुठंय?"

"गेले."

"कधी?"

"दुपारच्या गाडीनं."

शेषेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. येडशीला तार करायला हात उचलावा तसं त्यांनी केलं आणि हात पुन्हा टेबलावर ठेवला. मग ते पानाचा देठ खुडू लागले.

"वहिनी, सकाळपासून हा माणूस एकच वाक्य बोलून राहिला आहे," ते म्हणाले. "सिनेमाचं विचारलं तर जीभ वळत नाही. तेवढं वाक्य मात्र न अडखळता. मास्तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, म्हणे. कितीही विचारलं तरी तेच."

इंदूनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"मी त्याला म्हणालो, नसेल श्रीपाद तिथं तर नव्हता म्हण, तू सुटतोस. नाही म्हणाला तो." शेषेरावांनी शिपायाला हाक मारून आतल्या खोलीकडे बोट केलं. "सोड त्याला. खोटं बोलल्याबद्दल जे मिळायचं ते मिळालंय. वहिनी, तुम्ही घर सोडू नका. उद्या मला तुमच्याकडं यावं लागेल, अन् चहाला नाही."

उद्धव बाहेर आला. उजवा हात त्यानं छातीशी धरला होता आणि त्यावर धोतराचा सोगा गुंडाळला होता. विठाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो मात्र इंदूकडे बघत होता.

"मास्तर?" तो म्हणाला.

"गेले," इंदू म्हणाली. "पार झाले."

त्यानं मान हलवली.

ते तिघे रस्त्याला लागले. गंजगोलाईचा बाजार आला. मग विठाबाई म्हणाली,

"शिपाई म्हणला, सायेब दिसभर खुर्चीवरून उठलेच न्हाईत. जेवायला सुदिक न्हाई."

इंदू चालत राहिली.

"तुला ठाव व्हतं?"

"हो," इंदू म्हणाली.

विठाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग लेकाचा धड असलेला हात धरून ती पुढं निघाली, भराभर, मागं न बघता. इंदू जागच्या जागी उभी राहिली आणि त्यांच्यात अंतर पडल्यावर हळूहळू चालू लागली.

थोडं पुढं गेल्यावर उद्धव थांबला. आई दंडाला ओढत होती. तो वळला नाही, काही बोलला नाही. इंदू जवळ येईपर्यंत तसाच उभा राहिला.