उपडा कप

तिसऱ्या सिलिंडरच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करून बदरुद्दीन मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. नटातून डिझेल फसफसत बाहेर येत होतं आणि बॉनेटखालून काळपट धूर निघत होता. दारातल्या बाजेवर पाठीशी तीन उशा लावून बिबिजान बसली होती. तिने कान दिला, डोळे बारीक केले आणि एक बोट वर केलं. हाच.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "काल तर पयला म्हनालीस."

"काल पयला व्हता. आज तिसरा हाय."

ती हे सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली. मिस्त्रींशी ती गेली सहा वर्षं असंच बोलत होती. मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट जुन्नरच्या त्यांच्या गल्लीत, किंवा गल्लीबाहेर, तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. लेकीलासुद्धा वाटायचं, वयोमानाने जरा कमी ऐकू येतं अब्बांना, एवढंच.

डिझेल मिस्त्रीला ऐकू न येणं म्हणजे न्हाव्याचा हात थरथरण्यासारखं. कळंबला हमरस्त्याच्या कडेला मिस्त्रींचं तीस वर्षं शेड होतं. त्या तीस वर्षांत त्यांनी शेकडो इंजिनांवर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली होती. आत कोणता सिलिंडर मार खातो, कोणता टॅपेट वाजतो, नोझल कुठे टपकतो, सगळं त्या मुठीतून कळायचं. ज्या कानांनी पोट भरलं तेच त्या आवाजाने गेले. आधी डावा गेला, मग उजवा. पुढे रस्ता रुंद झाला, शेडही गेलं, आणि मिस्त्री जुन्नरच्या घरासमोरच्या अंगणात दुरुस्त्या करू लागले. अंगणात आल्यावर त्यांची अब्रू वाचली ती बिबिजानमुळे.

गिऱ्हाईक आलं की ती दारात लसूण सोलत बसायची. मिस्त्री एकेक पाइप ढिला करायचे. ज्या सिलिंडरचा पाइप ढिला करूनही इंजिनाचा आवाज पडत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नाही, हे तिला मिस्त्रींनी एका दुपारी शिकवलं होतं. तिथे तिचे हात थांबायचे. मिस्त्री पाना आपटून म्हणायचे, "दोन नंबर!" आणि गिऱ्हाईक थक्क व्हायचं. गाडी अगदी जमली, आवाज एकसारखा झाला, की ती लसणाचं ताट उचलून आत जायची आणि चहा ठेवायची. आतून आल्याचा वास आला की मिस्त्री फडक्याने हात पुसायला घेत. "मिस्त्रीची बायको लई मानसाळू," असं लोक म्हणत. ती माणसाळू होतीच, पण तो चहा म्हणजे गाडी पास झाल्याचा शिक्का होता.

आता तिला उठवत नव्हतं. हृदयाची झडप निकामी झाली होती. आडवं पडलं की तिला दम लागायचा, म्हणून रात्रंदिवस ती बसूनच असे. मंचरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: पुण्याला न्या, ऑपरेशन करा, महिना काढू नका. "हमी देता येत नाही, पण केलं तर चान्स आहे," असं ते म्हणाले होते. पुण्यात राहणाऱ्या कौसरने, त्यांच्या लेकीने, दवाखाना ठरवला, तारीख घेतली.

बिबिजान आधी नाहीच म्हणत होती. तिची आई पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात वारली होती. नळ्या लावलेली ती बाई आतल्या खोलीत, आणि सगळं घरदार काचेबाहेर. शेवटी पाणीसुद्धा नर्सने पाजलं. "मला काचेआड मरायचं नाय," बिबिजान म्हणायची. मिस्त्री चिडले, रडले, दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा तिसऱ्या दिवशी ती म्हणाली,

"येते. पर दुसऱ्याच्या गाडीत न्हाई. तुमी गाडी करा. लोकांच्या गाड्या नीट करन्यात जल्म गेला, माज्यासाठी एक करा. झाली की त्याच गाडीत घेऊन चला मला पुन्याला."

मिस्त्रींची छाती दोन इंच वर आली. बायकोने चाळीस वर्षांत काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते असं. दुसऱ्याच दिवशी ते राजुरीला गेले. तिथल्या एका बागायतदाराच्या गोठ्यामागे पांढरी डिझेल अँबॅसेडर उभी होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मिस्त्रींनी ती ट्रॅक्टरला बांधून ओढत अंगणात आणली.

मग त्यांनी जे काम केलं ते बघायला गल्ली जमायची. गाडीचं पुढचं अखंड बाक त्यांनी करवतीने कापलं आणि डाव्या बाजूला मोडीत निघालेल्या लक्झरी बसची सीट बसवली. दांडा ओढला की पाठ हवी तेवढी कलायची, म्हणजे बिबिजानला ना ताठ बसायला लागलं असतं ना आडवं पडायला. दार पुरतं उघडावं म्हणून त्याचा अडथळा काढला. खड्ड्यात दणका कमी बसावा म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली एकेक पात कमी केली आणि त्या सीटवर स्वतः उशा घेऊन बसून पाहिलं. धरायला कडी लावली. कडीला जुनी सायकलची मूठ चढवली, तिच्या हाताला लोखंड गार लागू नये म्हणून.

राहिलं इंजिन. ते आठव्या दिवशी चालू झालं, पण लंगडत. तिथपासून बिबिजानचं काम सुरू झालं. आता उठून चहा ठेवता येत नव्हता, म्हणून तिनेच नवी खूण ठरवली. बाजेजवळच्या स्टुलावर तिने एक कप बशीत उपडा घातला.

"गाडी झाली की ह्यो सुलटा करीन. मंग समजा चहा ठेवला."

तो कप रोज उपडाच राहू लागला.

पहिला सिलिंडर झाला तर दुसरा. टॅपेट लावले तर टायमिंग. मिस्त्रींनी डिझेलचा पंप दोनदा उतरवला. कधी कधी त्यांच्या मनात यायचं, पूर्वी हिचं बोट एवढं फिरायचं नाही. पण ती आजारी होती. आजारी माणसाचा कान हळवा होत असेल, असं ते स्वतःला समजावायचे. शिवाय तिच्या कानावर शंका घेणं म्हणजे स्वतःच्या सहा वर्षांच्या कामावर शंका घेणं होतं.

पंधराव्या दिवशी कौसर पुण्याहून भाड्याची मोठी गाडी घेऊनच आली. ड्रायव्हरने मागचं दार उघडून ठेवलं. कौसरने आईची पिशवीही भरली.

"अम्मी, पुरे झालं आता. तारीख गेली तर पुन्हा महिनाभर नंबर लागणार नाही."

बिबिजानने मिस्त्रींकडे पाहिलं. "तुज्या अब्बांना मी शब्द दिलाय. त्यांची गाडी होऊ दे."

"अहो अब्बा, तुम्ही तरी सांगा! आणि ही गाडी चालू तर आहे. मला तर आवाज बरा वाटतो."

"तुला काय कळतंय त्यातलं?" बिबिजान म्हणाली. तेवढ्या बोलण्यानेही तिला धाप लागली.

खरं म्हणजे त्या क्षणी मिस्त्रींनी तिला उचलून त्या गाडीत घालायला हवं होतं. पुढे हा क्षण त्यांनी किती वेळा आठवला याची गणती नाही. पण त्या वेळी गल्लीतली चार माणसं बघत होती, आणि बायको म्हणत होती की नवऱ्याच्याच गाडीतून जाईन. मिस्त्रींना अभिमान वाटला. साधा, पुरुषी, मूर्ख अभिमान. ते ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, जावा तुमी. चार दिसात मीच आणतो हिला." गाडी बिबिजानशिवायच वळली. कौसर तिच्यातून रडत गेली.

त्यानंतर मिस्त्रींनी चारही नोझल काढून मंचरला तपासायला पाठवले. तिथल्या माणसाने निरोप दिला, एकदम ओके आहेत, काहीच करावं लागलं नाही. "कालचं पोरगं, त्याला काय समजतंय," असं पुटपुटत मिस्त्रींनी ते परत बसवले, पाइपांतली हवा काढली, इंजिन चालू केलं. चारही पाइपांना बोटं लावून पाहिली. ठोके एकसारखे लागत होते, निरोगी माणसाच्या नाडीसारखे. ते बाजेजवळ गेले.

"बिबी, हाताला तर नीट लागतंय."

बिबिजानने त्यांचा हात हातात घेतला आणि पदराने त्याच्यावरचं डिझेल पुसलं.

"हात तुमचा तेलकट झालाय, मिस्त्री. कान माजा हाय. अजून मारतंय."

मिस्त्री वळले. हात खोटं बोलत असेल, पण बिबी कशी बोलेल? आता इंजिनाचं हेड उघडल्याशिवाय गत्यंतर नाही, असं त्यांनी ठरवलं आणि गॅस्केट मागवलं. ते यायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते तिच्या बाजेला टेकून बसून राहत. ती लसूण मागून घ्यायची आणि उगाच एकदोन पाकळ्या सोलायची. एकदा म्हणाली, "मी तिकडं दवाखान्यात पडले, आन हितं गिऱ्हाईक आलं, तर तुमी कुनाकडं बघाल?" मिस्त्री म्हणाले, "तू बरी हो. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात." ती हसली.

सहाव्या दिवशी सकाळी मिस्त्री नमाजासाठी वजू करून आले तेव्हा तिची मान उशीवर कलली होती. एक हात उशाशी पडलेल्या मिस्त्रींच्या टोपीवर होता. दुपारच्या नमाजानंतर तिला दफन केलं. गॅस्केट दुसऱ्या दिवशी आलं. मिस्त्रींनी ते खोक्यातून काढलंही नाही.

महिना गेला. गाडी अंगणात बॉनेट मिटून उभी होती. स्टूल होतं तिथेच होतं आणि त्यावर बशीत कप उपडा. कौसर पुण्याहून येऊन राहिली होती. तिने तो कप उचलायला हात लावला तेव्हा मिस्त्री तिच्यावर ओरडले, म्हणून पुन्हा कोणी त्याला शिवलं नाही.

अशात गेणभाऊ आले. हे आंबेगावच्या डोंगराकडचे भातशेतकरी. त्यांची जीप मिस्त्रींनी वीस वर्षं चालती ठेवली होती, म्हणून दरसाल भात झोडून झालं की ते नव्या तांदळाचं पोतं आणून टाकत. त्यांना काही कळलेलं नव्हतं. दारातूनच म्हणाले, "वैनी, पातेलं काढा, नवा तांदूळ आणलाय!" कौसरने बाहेर येऊन सांगितलं. गेणभाऊ पोतं खांद्यावर तसंच घेऊन उभे राहिले, मग ते उतरवून जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने मिस्त्री उठले. त्यांनी बॉनेट उघडलं.

"गेणभाऊ, एक काम करा माजं. कान द्या जरा. कंचा सिलिंडर मारतोय ते सांगा."

"मी सांगू? तुमाला?"

"मला ऐकू येत नाय," मिस्त्री म्हणाले. "सा वर्सं झाली. बिबी ऐकायची."

दारातली कौसर जागच्या जागी थिजली. मिस्त्रींनी चावी फिरवली. महिनाभर उभी असूनही गाडी दुसऱ्या फेऱ्याला चालू झाली. गेणभाऊंनी टोपी काढली, वाकून कान लावला, बाजूला होऊन पुन्हा ऐकलं.

"कंचाच नाय, मिस्त्री," ते हात हलवून म्हणाले. "सगळी एकसारखी चालत्यात. माज्या जीपचं बी असं कधी चाललं नाय."

"नीट ऐका. मी पाइप सोडतो. आवाज पडला की हात वर करा."

पहिला नट ढिला केला, गेणभाऊंचा हात वर गेला. घट्ट केला, हात खाली आला. दुसरा. तिसरा. चौथा. चारही वेळा हात वर गेला.

"कवा जमवली एवढी?" गेणभाऊंनी विचारलं.

मिस्त्रींनी त्यांच्या ओठांवरून प्रश्न वाचला. नोझल बसवल्यापासून या इंजिनाला त्यांनी पाना लावलेला नव्हता. म्हणजे त्या दिवशीही हा आवाज असाच होता. कदाचित कौसर ती भाड्याची गाडी घेऊन आली त्या दिवशीही. बिबिजान त्या बाजेवर बसून हा एकसारखा आवाज ऐकत होती आणि मान हलवत होती. नाही, अजून नाही. तिने त्यांच्या हातून पुण्याची वाट बंद करून घेतली होती, आणि ते खूश होऊन तिला त्यात मदत करत होते. त्यांना तिचा भयंकर राग आला. मग राग काढायला ती आहेच कुठे, हे आठवलं.

त्यांनी चारही पाइपांवर बोटं ठेवली. ठोके पडत होते. हात खरं तेच बोलला होता.

मिस्त्रींनी स्टॉपर ओढून इंजिन बंद केलं. फडक्याने एकेक बोट निगुतीने पुसलं. मग ते बाजेजवळच्या स्टुलाशी गेले आणि थोडा वेळ तिथे उभे राहिले. गेणभाऊ टोपी हातात घेऊन बघत होते.

मिस्त्रींनी कप उचलून सुलटा केला, त्यातली धूळ फुंकली आणि तो बशीत ठेवला.

"कौसर," ते म्हणाले, "चहा ठेव. गाडी झाली."