गुणाबाईचं बोट

गुणाबाईला परवापासून ताप होता, पण मलेरियाच्या पट्टीवर एकच रेघ आली आणि तिच्या लेखी विषय तिथेच मिटला. कुरखेड्याकडच्या गावांत ताप म्हणजे मलेरिया. मलेरिया नाही म्हणजे काहीच नाही. अंगदुखीची गोळी घ्यायची आणि धानाच्या रोवण्याला लागायचं. तिच्या नवऱ्याचा, गुणवंतरावांचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

शेवटी उपकेंद्रातली सिस्टर रंजीता डेंग्यूची नवी पट्टी घेऊन अंगणात आली.

"बाई, बोट द्या. डेंगू असला अन् तुमी ह्या अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या, तर आतून रक्त जाते. दवाखान्यात भरती व्हा लागन."

"एकडाव टोचलं ना? माह्या धानाच्या बांध्या रोवाच्या राह्यल्या आहेत."

रंजीताने समजावलं, की या पट्टीत सोन्याचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. डेंग्यू असला की ते दुसऱ्या रेघेवरही गोळा होतात आणि लाल दिसतात.

"सोनं?" गुणाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "यायच्या घरात कधी दिसलं नाई, ते आता पट्टीत दिसन."

गुणवंतरावांनी आयुष्यात या जिभेपुढे कधी टिकाव धरला नव्हता. त्यांनी आपलंच बोट पुढे केलं.

"माहं रक्त घे. जनमभर एका ताटात जेवून राह्यलो. तिले आहे ते मले असनच."

बोलणं खुळ्यासारखं होतं, पण बायकोला लाज वाटावी एवढाच हेतू. त्यांचंही अंग ठणकत होतं; ते त्यांनी चिखलणीवर ढकललं होतं. त्यांचा कढत हात धरताच रंजीताच्या कपाळाला आठी पडली. तिने लगेच टोचलं.

पट्टीवर पहिली रेघ आली. थोड्या वेळाने शेजारी दुसरी उमटली, फिकी पण लाल.

"भाऊ, तुमाले डेंगू आहे."

गुणाबाई उठली, पायाचा चिखल धुतला, शेजारच्या गोपालला गाडी काढायला सांगितलं आणि नवऱ्याची गोधडी काखेत मारली.

"अन् बांध्या?" गुणवंतरावांनी भीत भीत विचारलं.

"बांध्या गेल्या चुलीत. तुमी नसान तर भात कोनासाठी रांधू?"

गुणवंतरावांना त्या तापातही फार बरं वाटलं. मग तिने रंजीतापुढे बोट धरलं. तिची रेघ नवऱ्याच्या रेघेपेक्षा गडद आली. तिने ती नीट पाहून घेतली आणि गाडीत चढता चढता म्हणाली, "रंजीता, डाक्टरले सांगजो, मले खाट यायच्या बाजूचीच पाहिजे."