एक दिवस चालेल

आमच्या रुग्णालयात त्याला सगळे तिजोरी म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. रुग्णांच्या नोंदी, तपासण्या, औषधं असं सगळं ज्या डेटाबेसमध्ये साठतं तो सांभाळणं हे त्याचं काम. मी खरेदी विभागातली. माझं टेबल त्याच्या शेजारी. मध्ये एक कपाट आणि कपाटावर एक झाड, ज्याला पाणी घालायचं काम दोघंही एकमेकांवर ढकलायचो. बॅकअप म्हणजे काय हे मी कधी विचारलं नव्हतं, पण त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला ते कळल्यावाचून राहत नाही. रोज पहाटे सगळ्या डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर जायची, आणि ती पोचल्याची खात्री केल्याशिवाय गडी चहाला हात लावायचा नाही.

मग साहेबांचा हुकूम आला. उद्या डेटाबेसचं यंत्र बसलं, म्हणजे बंद पडलं, तर काय करायचं, याचा लेखी आराखडा करा. तिजोरीच्या अंगात वारं शिरलं. तो विभागाविभागांतून फिरायला लागला, आणि माझ्याकडे त्या दिवसांत काम कमी होतं म्हणून मीही बरोबर हिंडायचे. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: किती गेलं तर चालेल? म्हणजे शेवटची प्रत घेतल्यापासून यंत्र बसेपर्यंत जे लिहिलं गेलं ते जाणारच. तर तेवढा काळ तुम्हाला किती परवडेल? औषधवाले म्हणाले, काहीच जायला नको. स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, सगळंच जाऊ दे, एकदा नव्यानं मांडणी तरी होईल. आम्ही पोट धरून हसलो.

काही जाऊच नये, असं करता येतं. डेटाबेस स्वतःत होणारा प्रत्येक बदल ओळीनं टिपून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. तो लॉग सतत दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहिलं तर पहाटेच्या प्रतीवर ते बदल पुन्हा चढवून बिघाडाच्या क्षणापर्यंत येता येतं. औषधं आणि अतिदक्षता विभागासाठी तिजोरीनं हे केलंच. बाकीच्यांच्या नावापुढे लिहिलं: एक दिवस चालेल.

तळघरातल्या आवाजाच्या खोलीपुढेही त्यानं तेच लिहिलं. तिथे स्पीच थेरपिस्ट ताई बसायच्या. भिंतींना जाड कापड, मध्ये एक माइक, एक खुर्ची. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांना ताई आधी बोलावून घ्यायच्या. ठरलेली वाक्यं त्यांच्याकडून वाचून घ्यायच्या आणि सगळं डेटाबेसमध्ये साठवायच्या. पुढे त्यावरून हातात मावेल असं एक यंत्र तयार व्हायचं. माणसानं त्यावर शब्द लिहिले की ते त्याच्याच आवाजात बोलायचं. ही ध्वनिमुद्रणं जड असायची. त्यांचा लॉग फुगून जागा संपायची आणि तिजोरीच्या फोनवर इशारे वाजत राहायचे. त्याला त्यांचा वैताग आला होता.

त्यानं ताईंना समजावून सांगितलं की तुमच्याकडे दिवसाला येऊन येऊन येणार किती माणसं, गेलंच तर दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. ताई चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे माणूस येतो तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून काय करू?"

"ताई, प्रत्येकाला आपलंच काम जगावेगळं वाटतं," तो म्हणाला, आणि हसला.

मीही हसले. ते माझं हसणं मला आता आठवायला नको वाटतं.

जाता जाता त्यानं आणखी एक केलं. ताई प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत खोलीतल्या संगणकावर ठेवायच्या. तिजोरी म्हणाला, रुग्णांची माहिती अशी इकडेतिकडे पसरलेली चालणार नाही, जे काय असेल ते एका जागी. ध्वनिमुद्रण डेटाबेसमध्ये पोचलं की खोलीतली प्रत आपोआप पुसली जाईल, अशी व्यवस्था त्यानं लावून दिली. नियमाला धरूनच होतं. ताईंनी मान हलवली. होकार दिला असं आम्ही समजलो.

डेटाबेसचं यंत्र बसलं ते एका दुपारी. डिस्क गेली. नोंदणीच्या खिडकीवर रांग थांबली, परिचारिका कागदावर लिहू लागल्या, साहेब दर थोड्या वेळानं दारात येऊन, डोकावून परत जाऊ लागले. तिजोरी मात्र शांत होता. आराखडा समोर ठेवून, एकेक पायरी पुरी करत, त्यानं नवी डिस्क लावली, पहाटेची प्रत उतरवली, औषधांचे आणि अतिदक्षतेचे लॉग त्यावर चढवले. दिवेलागणीला सगळं रुग्णालय पुन्हा सुरू झालं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी चहा-बिस्किटं मागवली. त्यानं सगळ्या विभागांना निरोप धाडला: आज सकाळपासूनच्या नोंदी कृपया उद्या पुन्हा कराव्यात. मग त्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि मला म्हणाला, बघ, बोललो होतो तसंच झालं, एक दिवस. मीही त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

त्या वेळी आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर, घशाच्या वॉर्डात, एक शिंपीकाका बायकोशी गप्पा मारत बसले होते. हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वर आल्या. निरोप विभागाच्या सामाईक ई-मेलवर गेला होता, आणि तो येण्याआधीच त्या घरी निघून गेल्या होत्या. त्या आमच्या टेबलांसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, कालच्या शिंपीकाकांचं ध्वनिमुद्रण कुठे आहे? तिजोरी म्हणाला, कालचं ना, मग ते परत करून घ्या, त्यांना बोलवा. आणि बोलता बोलताच तो थांबला.

"त्यांना सकाळीच आत घेतलंय," ताई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की काकांच्या बायकोला बरीच वर्षं दिसत नाही. काका दुकानात कपडे शिवायचे तेव्हाही ती शेजारी स्टुलावर बसायची, कारण घरात एकटीला करमायचं नाही. ठरलेली वाक्यं झाल्यावर ताईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं होतं की आता तुमच्या मनातलं काहीही बोला. काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग माइकजवळ वाकून म्हणाले, "पायरी आहे, जपून." दिवसात तेच सगळ्यात जास्त बोलतो म्हणाले, तेवढं नीट आलं पाहिजे. ते नीट आलं का, हे त्यांनी दोनदा ऐकून पाहिलं होतं.

तिजोरी उठला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धावत गेला. ऑपरेशन थिएटरच्या दारावर लाल दिवा लागलेला होता. तो त्या दिव्याखाली उभा राहून आला.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी आराखडा मागवून पाहिला. म्हणाले, वाईट झालं, पण आपण मर्यादेत आहोत, एक दिवस म्हटलं होतं, एकच दिवस गेला. तुझ्यावर काही येणार नाही. हे त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. तिजोरी केबिनमधून बाहेर आला तो कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. मला म्हणाला, "अगं, संध्याकाळी वेळ होता. मी फक्त विचारायला हवं होतं की हा दिवस कुणाचा आहे. माणूस वरच बसला होता. तेव्हा मी बिस्किट खात होतो."

बिस्किटांचा पुडा मीच फोडला होता.

जुनी डिस्क त्यानं बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत मिळवून देणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी हात टेकले. काकांच्या घरच्या फोनमध्ये त्यांचा आवाज नव्हता, कारण फोन त्यांच्या हातात असायचा आणि ते दुसऱ्यांचे फोटो काढायचे. एका पुतण्यानं कुठल्याशा समारंभाचा व्हिडिओ आणून दिला. त्यात काका दिसत नव्हते, पण गर्दीतून त्यांचा आवाज येत होता: "अरे बाजूला व्हा, तिला ऐकू येत नाहीये." ताईंनी तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. तेवढ्यावरून बोलणारं यंत्र काही बनणार नव्हतं.

घरच्यांना सांगायला ताई तयार होत्या. तिजोरी म्हणाला, मी सांगतो. आणि मग रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत यायला लागला. एकदा म्हणे डॉक्टर आत होते, एकदा काका झोपले होते. मी म्हटलं, अरे, आज ना उद्या तोंड दाखवावंच लागेल. तो म्हणाला, माझं दाखवता येईल गं, पण त्यांनी त्यांचं उघडलं तर काय ऐकू?

काका घरी जायच्या दिवशी तो मला बरोबर घेऊन गेला. गळ्याला पट्टी बांधलेले काका पलंगाच्या कडेवर बसले होते, पिशव्या भरलेल्या होत्या, बायको त्यांच्या बाहीला धरून होती. तिजोरीनं आडवळण घेतलं नाही. म्हणाला, "काका, तुमचा आवाज माझ्यापाशी ठेवायला दिला होता. तो माझ्या चुकीनं गेला. ताईंनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

काकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. जणू ते तिला कसं सांगायचं याचाच विचार करत होते, आणि सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. पण तिनं ऐकलंच होतं.

"काहीच नाही राहिलं?" तिनं विचारलं.

"नाही, काकू," तो म्हणाला.

ती ना रडली, ना बोल लावला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसली. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

निघताना आम्ही पिशव्या उचलल्या. बाहेरच्या दरवाज्याशी उतरत्या पायऱ्या आहेत; त्या मी रोज चढते आणि कधी पाहिल्या नाहीत. काका बायकोचा हात धरून पुढे होते. पायऱ्यांशी आल्यावर सवयीनं त्यांचं तोंड तिच्या कानाकडे वळलं, ओठ हलले, आणि नुसती हवा आली. तिनं पाऊल उचललं होतं.

"पायरी आहे, जपून," तिजोरी घाईघाईनं म्हणाला.

तिचं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. तिनं मान त्याच्या दिशेनं वळवली आणि अगदी हळू, रागाचा लवलेश नसताना म्हणाली, "तुम्ही नका म्हणू."

तिजोरीनं खाली मान घातली. काकांची बायको तशीच थांबून राहिली. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जाऊ लागली. काकांनी तिचं कोपर हलकेच दाबलं, तेव्हा कुठे तिनं पाय खाली टाकला.