बुढीचं विरजण

नरहरीने परीक्षानळी पुन्हा एकदा खिडकीशी धरली. दुग्धशाळेच्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत तो महिनाभर या जिवाणूमागे हात धुऊन लागला होता. मैनाबाईच्या वासराच्या शेणात सापडलेला हा जिवाणू दूध आंबवायचा, पण पुस्तकातल्या एकाही जातीशी जुळायला तयार नव्हता. नवी जात! ती मान्य करायला दुग्धशाळेच्या साहेबांची अट एकच होती, त्याच वासरात तो पुन्हा मिळायला हवा. दुसऱ्या नमुन्यात मात्र त्याचा मागमूस नव्हता, हे त्याने नुकतंच मैनाबाईला सांगितलं होतं.

"कावून भेटन?" दारातून मैनाबाई म्हणाली. तिचा नवरा कारखान्याच्या बांधकामावर होता आणि ती कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहात दूध घालायची. "तवा त्याले हगवण लागली होती, तं घरचं ताक पाजत होतो. आता बरं हाय."

नरहरीने नळी खाली घेतली. म्हणजे जिवाणू वासराचा नव्हताच की काय?

"ते ताक आणा बरं थोडं."

"कुठून आनू? सासू मेली, सुतकात सारं विरजण फेकलं. बुढीनं भंडाऱ्याहून फडक्यात वाळवून आनलं होतं. आता शेजारणीचं लावून राहिलो." तिची नजर नळीवर खिळली. "थे याच्यात जित्तं हाय का?"

"मैनाबाई, हे शेणातून काढलंय."

"मंग? चूल कायनं सारवतो आपुन?"

नळीत आता शेणाचा लवलेश नव्हता, उकळलेल्या दुधातच तो वाढवला होता. नरहरीने तिच्या तळहातावर चार थेंब ओतले. तिने ते चाखले आणि तिचा चेहरा पडला.

"नोहे. हे नुसतं आंबट हाय."

त्याने खरं तर आनंदाने उडी मारायला हवी होती. ताकातला नाही, म्हणजे वासराचाच! पण त्याला लगेच दुसरी शंका आली. विरजणात कितीतरी जिवाणू एकत्र नांदतात आणि त्याने एकच वेगळा काढला होता. एकट्याला ती चव कुठून येणार?

"तुमच्या सासूच्या विरजणातला हा एखादाच असेल," तो चाचरत म्हणाला. "किंवा नसेलही. मलाच कळत नाही."

मैनाबाईने पदराने हात पुसला.

"एकटाच उरला? मंग द्या, शेजारणीच्या विरजणात टाकतो. एकटा कसा राहीन थो?"

तो तिच्या ताकात एकदा मिसळला आणि ताक वासरांच्या पोटात गेलं, की तो मुळात कोणाचा, हे पुन्हा कधीच सांगता येणार नव्हतं. साहेबांना काय सांगायचं, तेही त्याला सुचेना.

"कोमट दुधात घाला," नरहरी म्हणाला आणि त्याने नळी तिच्या हातात दिली.