नसलेल्या कुंपणातली मेंढी

राष्ट्राच्या सुरक्षिततेपुढे कोणाचंही खासगी दुःख मोठं नसतं. आइसलंडचे एक मंत्री इस्लेफ हे वाक्य बोलले, तेव्हा तोर्फीच्या खासगी दुःखाला चार पाय होते, दोन वाकडी शिंगं होती आणि ते डोंगरावरच्या लष्करी कुंपणात निवांत चरत होतं.

दुःखाचं नाव गोल्सा. ही कळपाची म्होरकी. उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या सप्टेंबरात खाली आणायच्या, तर नदीत पहिला पाय गोल्सा टाकणार. मग तिच्यामागून बाकीच्या चारशे. ती नसली की चारशेच्या चारशे काठावर उभ्या राहून तोर्फीचं तोंड बघतात. कळप शनिवारी उतरवायचा होता आणि बर्फ आठवड्यावर आलं होतं. मेंढ्या उतरवणाऱ्यांच्या म्होरक्याला गाव 'डोंगरचा राजा' म्हणतं. एकोणीस वर्षं ते राज्य तोर्फीचं होतं. यंदा तो रिकाम्या हातांनी खाली आला असता, तर मेंढ्या बर्फात आणि गादी शेजारच्या केतिलच्या घरात. केतिलने नवे बूट घेऊनही ठेवले होते.

कुंपण चार वर्षांपूर्वीचं. आत पांढऱ्या घुमटाची एक खोली. देशाला स्वतःचं सैन्य नाही, तेव्हा हे काम दुसऱ्याच कोणाचं, एवढं गावाला कळत होतं. निवृत्त शिक्षिका हालबेराबाईंना मात्र सगळंच कळत होतं.

"लष्करी युतीचा कान आहे तो," त्या सांगत. "आपण इथं शिंकलो की परदेशात कोणीतरी लिहून घेतं."

तेव्हापासून तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलं, की गावकरी युतीच्या सोयीसाठी जरा सावकाश आणि स्पष्ट बोलू लागले.

तोर्फीने मंत्रालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'सदर ठिकाणी कुंपण असल्याचे शासनास मान्य नाही. सबब त्याच्या आत मेंढी असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

"मग नसलेल्या कुंपणावरून मी उडी मारतो," तोर्फी म्हणाला.

"नको रे बाबा," बाई म्हणाल्या. "कुंपण नसलं तरी करंट असेल."

गुरुवारी इस्लेफ आईच्या वाढदिवसाला गावी आला आणि दुपारी सगळ्यांसारखाच कुंडात येऊन बसला. एका बाजूने तोर्फी सरकला, दुसऱ्या बाजूने बाई.

"इस्लेफ, कुंडात उतरायच्या आधी नियमाप्रमाणे अंघोळ करून आलास ना?"

"बाई, मी मंत्री आहे आता."

"म्हणूनच विचारतेय."

"माझी मेंढी दे," तोर्फी म्हणाला.

"कुठली मेंढी?"

"नसलेल्या कुंपणातली."

इथं ते राष्ट्राच्या सुरक्षिततेचं वाक्य आलं.

"नुसत्या चड्डीवर बसून राष्ट्राचं नाव घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "आत काय आहे?"

"सांगता येत नाही."

"येत नाही, का माहीत नाही?"

इस्लेफ हनुवटीपर्यंत पाण्यात गेला. तिथूनच बोलला, "माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, ही माहिती मंत्र्यांच्या पातळीवरची नाही."

मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पाणी काठावरून सांडेपर्यंत सगळे हसत राहिले. मंत्रीसुद्धा. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटलं असावं.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "बघूनच येऊ."

अर्ध्या तासात ओल्या केसांची, लोकरी स्वेटरांतली सोळा माणसं आणि एक मंत्री डोंगर चढत होते. केतिल नव्या बुटांत सगळ्यांत मागे, लंगडत. फाटकाशी येताच हसणं आपोआप थांबलं. आतून गोल्साने मान वर केली, पण जागची हलली नाही.

"पुढे हो, इस्लेफ. गोळी आलीच तर तू सरकारी आहेस."

"बाई!"

तोर्फीनेच फाटकाला हात लावला. कुलूप नव्हतं, कडीला तारेचे दोन वेढे होते. त्याने ते सोडले. कुठं भोंगा वाजला नाही. गोल्सा बाहेर आली, सगळ्यांकडे एकदा तुच्छतेने पाहून घेतलं आणि उताराला लागली. तोर्फी तिच्यामागून लहान पोरासारखा पळत सुटला. शनिवारचं त्याचं राज्य वाचलं होतं.

बाई आणि मंत्री घुमटाचं दार ढकलून आत शिरले.

आत सिमेंटचा एक ओटा होता. त्यावर बसवायचं यंत्र मागवायचं राहून गेलं होतं.