ल्येर्काचा नापास कुत्रा

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. रंगाने काळाकुट्ट, म्हणून माझं नाव गारोव. तुमच्याकडे मला काळ्या म्हणाले असते. आता तोंडाभोवतीचे केस पिकलेत आणि थंडीत मागचे पाय आखडतात. मत्सर मात्र अजून तरुण आहे.

माझा जन्म कुपा नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत, भुशाच्या ढिगावर झाला. ल्येर्का तिथे सरपण न्यायला आली आणि मला कोटाच्या आत घालून घरी घेऊन आली. तिचा नवरा वारला होता. घरात ती आणि तिची लेक तिहाना. ल्येर्का टपाल कचेरीत नोकरी करायची आणि संकटात धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकातही होती. पूर येवो, घर कोसळो, डोंगरात कोणी वाट चुको. फोन आला की ती चुलीवरचं भांडं उतरवून निघायची.

मला शोधकुत्रा करायचं तिने ठरवलं. जुन्या दगडखाणीत कोणीतरी विटांच्या राशीत लपून बसायचं, मी वासावर त्याला हुडकून भुंकायचं. भुंकलो की ल्येर्का शाबासकी द्यायला धावत यायची. खरं तर त्यासाठीच मी भुंकायचो.

परीक्षेच्या दिवशी तिला कुंपणाबाहेर उभं केलं. लपलेल्या माणसाचा वास मला लगेच लागला. मी राशीपर्यंत गेलोही. मग मागे वळून पाहिलं, तर ती लांब एकटीच उभी. मी तसाच धावत गेलो आणि तिच्या बुटांवर बसलो.

परीक्षक हसत म्हणाले, "ताई, ह्याच्या लेखी जगात एकच माणूस हरवू शकतं, ते म्हणजे तुम्ही. ह्याला आपला घरीच ठेवा."

सगळे हसले. ल्येर्काही हसली. आणि पुढच्या वसंतात घरी इस्क्रा आली.

इस्क्रा तांबूस, हडकुळी, उभ्या कानांची. पहिल्याच फेरीत पास. तिला नारिंगी जाकीट, गाडीत पुढची जागा आणि उकडलेली कलेजी. मला सूपमधली हाडं आणि अंगण. ल्येर्काच्या हातांना आता तिचा वास यायचा. मी मुद्दाम इस्क्राच्या अंथरुणावर आडवा पडायचो. ती भांडायचीसुद्धा नाही, मुकाट्याने फरशीवर झोपायची. त्यामुळे मी आणखीच जळायचो.

जळणारा मी एकटा नव्हतो. गाडी वळणाआड गेली की तिहाना पायरीवर येऊन बसायची.

"सरक रे," ती म्हणायची. "नापास मंडळी आपण, एकत्रच बसलेली बरी."

नाताळ नुकताच सरला होता. तिहानाला अठरावं वर्ष लागलं तो दिवस. पातेल्यात सार्मा, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, शिजत होता. इतक्यात जमीन हलली. भिंतीवरची ताटं फुटली, आम्ही सगळे अंगणात धावलो. आमचं घर वाचलं. पलीकडच्या गावांत मात्र रस्तेच्या रस्ते आडवे झाले होते. ल्येर्का बूट चढवू लागली.

"आई, आज तरी नको ना गं."

"राणी, माणसं ढिगाऱ्याखाली आहेत."

"कोणी ना कोणी असतंच की तुझं ढिगाऱ्याखाली! मीच तेवढी नसते. माझंच चुकतं."

ल्येर्काच्या हातातली नाडी हातातच राहिली. "परत आले की बोलू. सार्मा करपवू नकोस."

"करपू दे!" असं म्हणून तिहाना आतल्या खोलीत गेली.

ल्येर्का परतली ती चुन्याने पांढरी होऊन, आणि बुटांसकट झोपली. ते बोलणं मागे पडलं ते पडलंच. पुढच्या शरदात एका पुराच्या गावी पाण्याच्या बाटल्या उतरवताना ती टेकायला म्हणून बसली आणि उठली नाही. हृदय थांबलं होतं.

अंत्यसंस्काराला नारिंगी जाकिटांची रांग लागली. जो तो तिहानाचा हात धरून म्हणे, "आम्हाला ती आईसारखी होती." दर वेळी तिहानाचे दात आवळले जायचे. मीही गुरगुरत होतो.

काही दिवसांनी एक लंगडणारी बाई सफरचंदाचा स्ट्रुडेल, म्हणजे सारण भरून भाजलेली गोड गुंडाळी, घेऊन घरी आली. यागोदा तिचं नाव. भूकंपात ल्येर्काने तिला वाचवलं होतं.

"तुम्हालाही आईसारखी होती ना? कळलं," तिहाना म्हणाली. "ठेवा तिथे."

"नाही गं पोरी. मला तर तिचा राग आला होता." यागोदा खुर्ची ओढून बसली. "कुत्रीने मला हुडकलं, पण वरची तुळई निघता निघेना. तुझी आई भोकाशी पालथी पडून माझा हात धरून होती. मला झोप लागू नये म्हणून बोलत होती. आणि विषय काय, तर तू! तिहाना सार्म्याची पानं टाकते, नुसता खिमा खाते. तिहाना शीळ घालत जिना उतरते. आज तिचा वाढदिवस, आणि मी तिला रडवून आले. माझ्या आईने माझं नावसुद्धा असं कधी घेतलं नाही गं. छातीवर तुळई, आणि मी न पाहिलेल्या पोरीवर जळतेय, बोल!"

तिहाना समोरच्या खुर्चीत बसली.

"हा काळा तोच ना?" यागोदाने माझ्याकडे पाहिलं. "ह्याचंही सांगितलं. म्हणाली, परीक्षेत सगळ्यांसमोर हसले खरी, पण येताना हा मागे झोपल्यावर गाडी थांबवून रडले. इतका जीव लावणाऱ्याला कोणी नापास करतं का?"

तिहानाने स्ट्रुडेलचा तुकडा मोडला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच हुंदके देत रडली.

ल्येर्का गेली त्या दिवसापासून इस्क्रा गाडीखालून हलली नव्हती, अन्नाला शिवली नव्हती. तिहाना कलेजी घेऊन बाहेर गेली. "खा गं, आई रागावेल." इस्क्राने मान फिरवली. मग मीच पुढे झालो आणि तिच्या भांड्यात तोंड घातलं. दुसरा घास घेतो न घेतो तोच इस्क्रा उठली, मला खांद्याने ढकललं आणि खाऊ लागली. बरं झालं, तिलाही थोडं जळता येत होतं.

मित्रांनो, दुसऱ्यांसाठी धावणाऱ्यांचं कौतुक जरूर करा. पण त्यांच्या घरी कोणीतरी दाराकडे तोंड करून बसलेलं असतं, त्यालाही विचारा, बाबा रे, जेवलास का? आणि तुमची आई अशी सगळ्यांची असेल, तर रुसा, भांडा. पण ती बूट घालत असताना दारापर्यंत तरी जा.

त्या शेवटच्या सकाळी मी गेलो होतो. तिने वाकून माझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. तेवढं माझं एकट्याचं आहे. त्यात वाटा मी कोणालाही देणार नाही, इस्क्रालासुद्धा नाही.